पावसाला, कापसाला, उसाला!

पाऊस, कापूस आणि ऊस. शेवट तिघांचाही सारखाच. पण 'ला' प्रत्यय लागला की एकाचे पावसाला होते, दुसऱ्याचे कापसाला आणि तिसऱ्याचे उसाला. चार वर्षांचे मराठी मूल हे बिनचूक बोलते. त्याला कोणी शिकवलेले नसते. संगणकाला मात्र कोणीतरी बसून शिकवावे लागते. हे कोणी शिकवायचे आणि शिकवलेले ज्ञान मग कोणाच्या मालकीचे राहायचे, हा प्रश्न तांत्रिक दिसतो, पण तो मुळात भाषेचा आहे.

त्याचे एक उत्तर स्पेनमध्ये मिळाले. फ्रँकोच्या राजवटीत कॅटलान भाषेला सरकारदरबारी आणि शाळेत जागा नव्हती. १९७५ साली फ्रँको गेला, पुढे कॅटलानला राजमान्यता मिळाली, आणि स्पॅनिशमधील मजकूर कॅटलानमध्ये आणण्याचे प्रचंड काम उभे राहिले. आलिकांते विद्यापीठातील संशोधकांनी त्यासाठी प्रथम एका बँकेच्या साह्याने भाषांतर करणारी प्रणाली तयार केली. त्या अनुभवावर सरकारी मदतीने उभी राहिलेली 'अपर्टियम' ही नवी प्रणाली २००५ मध्ये त्यांनी सर्वांसाठी खुली केली. खुली म्हणजे केवळ फुकट नव्हे. तिचे शब्दकोश, तिचे नियम, तिची आज्ञावली कोणीही उघडून पाहावी, बदलावी, आपल्या भाषेसाठी वापरावी; अट एवढीच की सुधारलेली आवृत्ती इतरांना देताना तीही तशीच खुली ठेवावी.

या प्रणालीची कार्यपद्धती आपल्याला परकी वाटू नये. संस्कृतच्या तासाला 'देव' चालवायला शिकलेल्या माणसाला ती लगेच कळेल. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या नमुन्याप्रमाणे चालतो, एवढे नोंदवायचे. 'माणूस' हा 'कापूस'प्रमाणे चालतो असे एकदा लिहिले की माणसाला, माणसाने, माणसांचा ही सारी रूपे यंत्राला कळतात. दोन्ही भाषांचे असे कोश, त्यांना जोडणारा एक द्वैभाषिक कोश आणि शब्दक्रम, लिंग, वचन यांची जुळणी करणारे नियम, एवढा हा संसार. 'पुस्तक' मराठीत नपुंसकलिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून 'चांगले'चे 'अच्छी' करायचे, हे एका नियमात सांगता येते.

येथेच विद्यार्थ्याचा संबंध येतो. 'गूगल समर ऑफ कोड' हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. नवख्या प्रोग्रामरने एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पासाठी उन्हाळाभर काम करायचे. मार्गदर्शन त्या प्रकल्पातील जाणत्यांचे, मानधन गूगलचे. २००९ मध्ये अपर्टियम त्यात सहभागी झाले. त्याच वर्षी नॉर्वेच्या बोकमोल आणि नीनोर्स्क या दोन लेखनभाषांची जोडी एका विद्यार्थ्याने हाती घेतली. पुढे तेथील वृत्तसंस्थेने बातम्या नीनोर्स्कमध्ये आणण्यासाठी याच प्रणालीचा आधार घेतला. एका उन्हाळ्याच्या कामाला याहून मोठी पावती कोणती? २०१५ साली विकिपीडियाने लेखांच्या भाषांतरासाठी नवे साधन आणले, तेव्हा त्यातही प्रथम अपर्टियमच बसवले गेले.

या उपक्रमात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात, त्यात आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलेमुलीही असतात. त्यांनी मायबोलीचा प्रस्ताव का लिहू नये?

यावर आक्षेप ठरलेला आहे. आता नियम कोण लिहितो? गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ मध्येच आली, २०१६ नंतर तेथे मज्जाजालाधारित भाषांतर सुरू झाले, आणि लाखो वाक्ये वाचून यंत्र स्वतःच शिकते. आक्षेपात तथ्य आहे. वृत्तपत्रीय मराठीचे इंग्रजी करायचे असेल, तर हाताने लिहिलेले नियम या यंत्रांपुढे टिकणार नाहीत. आयआयटी मद्रासच्या 'एआय४भारत' गटाने २०२३ मध्ये बावीस भारतीय भाषांसाठीचे असे प्रारूप खुलेही केले, हे स्वागतार्हच आहे.

पण लाखो वाक्ये ज्या भाषेकडे आहेत, तिचीच ही मिजास. ब्रेटन आणि ऑक्सिटन या फ्रान्समधील भाषा गूगल ट्रान्सलेटमध्ये यायला २०२४ साल उजाडावे लागले; अपर्टियममध्ये त्या कितीतरी वर्षे आधी आल्या होत्या. कारण थोडी माणसे आणि एक कोश एवढ्यावर तेथे सुरुवात करता येते. आपल्याकडे अहिराणी, वारली, कोरकू, गोंडी यांच्याकडे लाखो छापील वाक्ये कोठून आणायची?

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. मराठीत 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' यांत फरक आहे. पहिल्यात समोरच्याला सोबत घेतले, दुसऱ्यात वगळले. गुजरातीतही हाच भेद 'आपणे' आणि 'अमे' असा आहे. इंग्रजीची मधली पायरी घेऊन मराठीचे गुजराती केले, की दोन्हींचे एकच 'वुई' होते आणि शेजारणीपर्यंत पोहोचायच्या आत भेद पुसला जातो. थेट जोडीत तो एका नोंदीत टिकतो. शिवाय शिकाऊ यंत्र चुकले तर ते का चुकले हे त्याच्या कर्त्यालाही नेमके सांगता येत नाही. येथे चूक सापडते, आणि ज्याला ती खटकली तोच ती दुरुस्त करू शकतो.

मग अडते कोठे? आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, दामल्यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ चे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३० च्या दशकातला. वाटही कोणी चोखाळली नाही असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या 'अनुसारक' प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषा हिंदी वाचकाला वाचता याव्यात यासाठी यंत्र बांधले. याच नियमाधारित पद्धतीने मराठी शब्दरूपांचे विश्लेषण करणारे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अडते ते आपल्या शिक्षणाच्या भिंतीशी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला दहावीनंतर सामान्यरूप भेटत नाही, आणि मराठीत एम. ए. करणाऱ्याला सामान्यरूप येते, पण ते संगणकाला सांगण्याची संधी मिळत नाही.

म्हणून विद्यापीठांनी एक साधी गोष्ट करावी. संगणक विभागातला एक आणि मराठी विभागातला एक अशा जोड्यांना उन्हाळी प्रकल्प द्यावेत, त्याला दोन्ही अभ्यासक्रमांत गुण द्यावेत, आणि झालेले काम खुल्या परवान्यावर ठेवण्याची अट घालावी. शासकीय पैशातून झालेल्या कोशांना आणि परिभाषेलाही हीच अट लागू व्हावी. एका उन्हाळ्यात संपूर्ण भाषांतरयंत्र होणार नाही. प्रस्ताव लिहिणाऱ्यानेही तसा आव आणू नये. पण दोन-तीन हजार नामे नीट चालवून ठेवली, तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तेथून पुढे जाता येते. लेखनशुद्धी तपासणारे साधन, अंधांसाठीचे वाचकयंत्र, शाळेतला कोश, या सर्वांना तीच पुंजी उपयोगी पडते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचा आनंद रास्तच होता. परंतु दर्जा दिल्लीहून मिळतो. 'ऊस' कसा चालतो हे मात्र मराठी माणसानेच लिहून ठेवावे लागते. ते आपण खुलेपणाने लिहिले नाही, तर कोणीतरी आपल्या मजकुरातून ते वेचून घेईल आणि आपल्यालाच दर महिन्याच्या वर्गणीवर विकील.