सूर्यास्तानंतरच्या विजेचा हिशेब

देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, वायू किंवा तेलावर चालणारी नाही. जून २०२५ अखेर एकूण क्षमता ४८५ गिगावॅटच्या घरात पोचली होती आणि त्यातले २४२ गिगावॅटहून अधिक सौर, पवन, जल, अणू आणि जैवइंधनाचे होते. पॅरिस कराराखाली २०३० सालासाठी दिलेला शब्द भारताने पाच वर्षे आधी पाळला. ही कामगिरी खरी आहे आणि तिचे श्रेय देण्यात हात आखडता घेण्याचे कारण नाही. पण त्याआधीच्या २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात जी वीज प्रत्यक्ष तयार झाली, तिच्यातली सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशातून आली. क्षमता निम्मी आणि वीज मात्र चौथा हिस्साही जेमतेम, हे अंतर कोणी लपवलेले नाही, सरकारी आकडेवारीतच ते दिसते. तरीही जाहीर चर्चा क्षमतेच्या आकड्यापाशी थांबते. आपल्या ऊर्जा नियोजनातल्या बहुतेक उणिवा या एका चुकीच्या मोजमापातून निघाल्या आहेत, असे माझे मत आहे. किती मेगावॅट उभे राहिले हे आपण मोजतो. कोणत्या तासाला, कोणत्या भागात, किती स्वच्छ वीज लोकांपर्यंत पोचली, हे धोरणाचे उद्दिष्ट म्हणून कुठेच लिहिलेले नाही.

एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण सोळा ते अठरा लाख युनिट देतो. तेवढ्याच क्षमतेचे औष्णिक केंद्र, नेहमीच्या भाराने चालले तर, साठ लाखांच्या आसपास देते. सूर्य रात्री नसतो आणि पावसाळ्यात मंदावतो, त्यात सौर ऊर्जेचा दोष नाही. दोष आहे तो दोन्ही मेगावॅट एका तक्त्यात एकाच मोलाने धरण्यात. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली, तो तोवरचा उच्चांक होता, आणि ती भर दुपारची मागणी उन्हाच्या विजेमुळे निभावली. त्या उन्हाळ्यात खरी ओढाताण सूर्य मावळल्यावर होत होती. पंखे, कूलर, वातानुकूलन यंत्रे चालूच राहतात, घराघरांत दिवे लागतात आणि नेमका त्याच वेळी सौर पुरवठा तासा-दोन तासांत शून्यावर येतो. ती दरी भरण्यासाठी केंद्र सरकारला विद्युत कायद्याचे कलम ११ वापरून आयात कोळशावरची आणि वायूवरची महागडी केंद्रे चालवण्याचे आदेश द्यावे लागले. ही परिस्थिती अचानक आलेली नाही. क्षमता ज्या क्रमाने उभी करायची ठरवली, त्याच क्रमाचा हा परिणाम आहे.

पारेषणाचेच पाहा. राजस्थानच्या वाळवंटात सौर प्रकल्प दीड वर्षात उभा राहतो. तिथली वीज बाहेर नेणाऱ्या अतिउच्चदाब वाहिनीला जमीन, वनखात्याची परवानगी आणि मनोऱ्यांची उभारणी धरून तीन ते पाच वर्षे लागतात. म्हणजे वाहिनीचा निर्णय प्रकल्पाच्या निविदेपूर्वी व्हायला हवा. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटे झाले आणि २०२५ मध्ये राजस्थानात तयार होऊ शकणारी काही हजार मेगावॅट वीज भर दुपारी बंद ठेवावी लागली. धरण बांधून झाले पण कालवे खणलेच नाहीत, तर शिवार कोरडेच राहते, हे महाराष्ट्राने अनेक तालुक्यांत भोगलेले आहे; इथे तेच घडते आहे. जागेच्या निवडीतही पूर्वविचार तोकडा पडला. माळढोक पक्ष्याच्या अधिवासातून जाणाऱ्या तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञ समिती नेमली. मधली तीन वर्षे प्रकल्पवालेही अडकले आणि पक्षीही सुरक्षित झाला नाही. कुठे प्रकल्प होऊ नयेत याचा नकाशा निविदांच्या आधी तयार असता, तर हा प्रश्न न्यायालयापर्यंत जाण्याची गरज नव्हती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पारेषण आराखड्यात २०३२ पर्यंत ९ लाख १५ हजार कोटी रुपयांची गुंतवणूक धरली आहे. तो आराखडा चांगला आहे. तो पाच वर्षे आधी यायला हवा होता.

दुसरी खूण वीज खरेदी करारांत दिसते. केंद्रीय संस्थांनी निविदा काढल्या, विकासक निवडले, दर ठरले, आणि तरी ४० गिगावॅटहून अधिक क्षमतेला राज्यांच्या वितरण कंपन्यांकडून खरेदीदार मिळाले नाहीत. अडीच रुपये युनिटची वीज कोणी का नाकारावी, असा प्रश्न साहजिक पडतो. वितरण कंपन्यांवर नुसता आळसाचा ठपका ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. दुपारी त्यांच्याकडे आधीच पुरेशी वीज आहे. औष्णिक केंद्रांशी केलेल्या पंचवीस वर्षांच्या करारांचा स्थिर आकार वीज घेतली नाही तरी भरावा लागतो. त्यांना हवी आहे संध्याकाळी सहा ते रात्री अकराची वीज, आणि देऊ केली जात होती ती दुपारची. म्हणजे निविदा लक्ष्य गाठण्यासाठी निघत होत्या, गरज भागवण्यासाठी नव्हे. अलीकडे साठवणुकीसह वीज मागणाऱ्या निविदा वाढल्या आहेत आणि नव्या सौर निविदांमध्ये किमान दोन तासांची साठवण असावी, असा सल्ला प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. ही दिशा योग्य आहे. पण तो सल्ला आहे, बंधन नव्हे.

साठवणुकीची गरज किती, हे सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०३१-३२ सालापर्यंत सुमारे ७४ गिगावॅट साठवणक्षमता लागेल असे मांडले आहे: त्यातली ४७ गिगावॅट बॅटऱ्यांची आणि जवळपास २७ गिगावॅट उदंचन प्रकल्पांची, म्हणजे दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी टर्बाइनवर सोडणाऱ्यांची. महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे आणि आता सह्याद्रीत अनेक ठिकाणी नवे प्रस्ताव आहेत. त्यांचे स्वागत करताना एक काळजी मनात राहते. एकेका प्रकल्पाची पर्यावरणीय तपासणी होते, पण एकाच डोंगररांगेत दहा-पंधरा जलाशय झाले तर जंगलाचे, झऱ्यांचे आणि खालच्या गावांचे एकत्रित काय होईल, हे तपासण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. बॅटऱ्या महाग आहेत, ही तक्रार तर झपाट्याने जुनी होते आहे. २०२२ मध्ये निविदेत महिन्याला मेगावॅटमागे सुमारे अकरा लाख रुपये दर आला होता, तो दोन-अडीच वर्षांत त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास उतरला.

मात्र सर्वांत स्वस्त साठवणुकीला बॅटरी लागत नाही. ती आपल्या शेतात आहे. देशातल्या विजेपैकी साधारण सहावा हिस्सा शेती वापरते, महाराष्ट्रात तर ४५ लाखांहून अधिक कृषिपंप आहेत. विहिरीतले पाणी सकाळी अकराला उपसले काय किंवा रात्री अकराला उपसले काय, पिकाला फरक पडत नाही. शेतकऱ्याला मात्र फार पडतो. वर्षानुवर्षे त्याला आठवड्यातले काही दिवस रात्रीची थ्री-फेज वीज मिळत आली आणि कडाक्याच्या थंडीत, साप-विंचवाच्या आणि आता बिबट्याच्याही भीतीत तो दारे धरायला उभा राहिला. 'दिवसा वीज द्या' ही मागणी त्याने मोर्चे काढून केली. तीच मागणी आज वीजव्यवस्थेच्याही हिताची आहे, कारण जो भार रात्रीवरून दुपारवर सरकतो तो साठवणुकीची तेवढी गरज कमी करतो आणि दुपारी वाया जाणारी वीज कामी लावतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे हाच विचार आहे. २०१७ मध्ये तिची सुरुवात झाली, २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला आणि आता १६ हजार मेगावॅटचे लक्ष्य आहे. कृषी उपकेंद्राजवळच छोटे सौर प्रकल्प, तीन रुपयांच्या आसपास दर, लांबच्या वाहिन्यांचा खर्च नाही आणि गळतीही कमी. स्वच्छ ऊर्जेचा देशातला हा सर्वांत शहाणा प्रयोग आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच त्यातली उणीव जास्त खटकते. एका बाजूला वाहिन्या सौर होत असताना दुसऱ्या बाजूला प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र सौरपंप देण्याची योजनाही त्याच जोमाने चालली आहे. जाळ्याला न जोडलेला पंप वर्षातले बरेच दिवस रिकामा असतो आणि त्याचे पॅनेल तेव्हा तयार करू शकणारी वीज कोणाच्याच उपयोगी पडत नाही. शिवाय फुकटच्या उन्हावर दिवसभर चालणाऱ्या पंपाला थांबण्याचे काही कारण उरत नाही. जगात सर्वांत जास्त भूजल उपसणाऱ्या देशात, द्राक्ष-उसाच्या पट्ट्यात, हे धोक्याचे आहे. जिथे तार पोचलेलीच नाही अशा पाड्यांसाठी सौरपंप योग्य. जिथे वाहिनी आहे तिथे वाहिनीच सौर करावी, रोहित्रावर मीटर लावावा आणि वाचवलेल्या पाण्या-विजेचा मोबदला शेतकऱ्याला द्यावा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत झाली आहे, तेव्हा मोजमाप तर आणखीच गरजेचे झाले.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की क्षमतेचे मोठे लक्ष्य ठेवले नसते, तर गुंतवणूक आलीच नसती आणि दरही उतरले नसते. हे मला मान्य आहे. २०१५ च्या सुमारास १७५ गिगावॅटचे लक्ष्य धाडसी होते आणि बाजार उभा करण्यासाठी ते गरजेचे होते. पण त्याचाच अनुभव पुढचे शिकवतो. मोठ्या सौर उद्यानांची गती चांगली राहिली, पण छतांवरच्या सौर ऊर्जेचे ४० गिगावॅटचे लक्ष्य २०२२ अखेर पाव हिश्शापर्यंतही गेले नाही, कारण तिथे वितरण कंपनी, ग्राहक, कर्ज आणि मीटर यांचा मेळ घालायचा होता आणि मेगावॅटचा आकडा तो मेळ घालू शकत नाही. त्यानंतर २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजनेला ७५ हजार कोटींची तरतूद करावी लागली. बाजार आता उभा आहे. आजची गरज वेगळी आहे, म्हणून लक्ष्यही वेगळे हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. श्रीमंत देशांनी शे-दीडशे वर्षे कोळसा जाळला आणि आता आपल्याला तासातासाचा हिशेब का मागावा? या प्रश्नात न्यायाची बाजू आहे आणि ती आंतरराष्ट्रीय परिषदांत ठामपणे मांडलीच पाहिजे. परंतु तासाचा हिशेब बाहेरच्यांना खूश करण्यासाठी नाही. तो आपल्या वीजबिलासाठी आहे. संध्याकाळची गरज नेमकी किती आणि ती साठवणुकीने, मागणी सरकवून किंवा शेजारच्या राज्याकडून किती भागेल, हे न तपासता नवी औष्णिक केंद्रे मंजूर झाली, तर पुढची पंचवीस वर्षे त्यांचा स्थिर आकार ग्राहक भरत राहील, केंद्र चालो वा न चालो. काही कोळसा केंद्रे लागतीलच. किती लागतील, हा निर्णय हिशेबाने व्हावा. आणि तो हिशेब चंद्रपूर-वणीच्या खाणकामगारांनाही हवा आहे. कोणती खाण, कोणते केंद्र कधी बंद होणार हे दहा वर्षे आधी कळले, तरच पर्यायी रोजगाराची तजवीज होऊ शकते.

वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय आहे, दिल्लीने सगळे ठरवणे शक्य नाही आणि इष्टही नाही, हेही खरे. पण दिल्लीतही समग्र विचार करणारे कोणी दिसत नाही. कोळसा, पेट्रोलियम, वीज, नवीन व नवीकरणीय ऊर्जा आणि अणुऊर्जा यांची खाती वेगवेगळी. नियोजन आयोगाच्या समितीने २००६ मध्ये एकात्मिक ऊर्जा धोरणाचा अहवाल दिला होता. नीती आयोगाने २०१७ मध्ये राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला आणि तो मसुदाच राहिला. देशाच्या अंतिम ऊर्जावापरात विजेचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपासच आहे. उरलेले डिझेल, पेट्रोल, कारखान्यांतला कोळसा आणि चुलीतले सरपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, चाळीस टक्क्यांहून अधिक घरे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत नव्हती. वीज क्षेत्राचे लक्ष्य गाठल्याने या घरांपर्यंत काही पोचत नाही.

तासाचा हिशेब ठेवायला नवे यंत्र लागणार नाही. भार प्रेषण केंद्रे दर पंधरा मिनिटांची मागणी आणि पुरवठा आजही नोंदवतात. पुरेशा विजेचे आगाऊ नियोजन वितरण कंपन्यांनी करावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जून २०२३ मध्ये दिली आहेत आणि वेळेनुसार दराचे नियमही त्याच महिन्यात आले. राज्य वीज नियामक आयोगाने वितरण कंपनीकडून दरवर्षी एवढेच मागावे: सूर्यास्तानंतरच्या पाच तासांत दिलेल्या विजेपैकी स्वच्छ वीज किती होती, दुपारी किती वाया गेली आणि रात्रीच्या कृषिपंपांपैकी किती दिवसावर आणले. हे तीन आकडे दरनिश्चितीच्या जनसुनावणीत ग्राहकांपुढे ठेवावेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला कायद्याने दर पाच वर्षांनी राष्ट्रीय आराखडा करावा लागतो आणि २०२७ ते २०३२ या काळाचा आराखडा आता ठरायचा आहे. त्यात पुढचे लक्ष्य गिगावॅटमध्ये न लिहिता संध्याकाळच्या युनिटमध्ये लिहावे आणि प्रत्येक राज्याचा वाटा त्याच मापाने ठरवावा.