स्वतःच तपासलेला पेपर

आमच्या वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूला छोट्या कारखान्यांचे गाळेच गाळे आहेत. माझे कितीतरी जुने विद्यार्थी तिथे नोकरी करतात, काहींनी स्वतःचा गाळाही घेतलाय. भेटले की बहुतेकांची तक्रार एकच. महिन्याचे पहिले पंधरा दिवस काम नाही म्हणून ठेकेदाराची माणसं घरी बसवायची, आणि शेवटच्या आठवड्यात रात्रपाळी, रविवारची ड्यूटी, टेम्पो मागेल त्या भाड्यानं! का, तर ज्या मोठ्या कंपनीला माल द्यायचा, तिला वीस तारखेनंतर जाग येते.

या दुखण्यावर मोठ्या कंपन्यांकडे एक औषध आहे. त्याचं नाव ‘सेल्स अँड ऑपरेशन्स प्लॅनिंग’. नाव भारदस्त, पण अर्थ साधा. विकणाऱ्यांनी आणि बनवणाऱ्यांनी एका टेबलाशी बसून एकच आकडा ठरवायचा. १९८० च्या दशकात अमेरिकेत डिक लिंग यांनी ही पद्धत पुढे आणली. दर महिन्याला आधी मागणीचा अंदाज घ्यायचा, मग तेवढं बनवायची ताकद आहे का ते बघायचं, मग दोन्हीतली तफावत मांडायची आणि शेवटी वरिष्ठांनी निर्णय द्यायचा. नजर साधारण पुढच्या दीड-दोन वर्षांवर ठेवायची.

आता बघा, आमच्याकडच्या वाडीवाल्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. मोगरा लावणारं आणि पहाटेच्या गाडीनं दादरला नेऊन विकणारं घर एकच. लग्नसराईत किती खपेल आणि वाडीत किती फुलेल, दोन्ही हिशेब एकाच ओटीवर होतात. धंदा मोठा झाला की या एका घराची चार खाती होतात. समजा, एक कंपनी पंप बनवते. विक्रीवाला सांगतो १२,००० लागतील, कारण माल कमी पडला तर बोलणी त्याला बसणार. उत्पादनवाला मनात ९,०००च धरतो, कारण विक्रीवाल्याची सवय त्याला ठाऊक. खरेदीवाला १०,००० चा कच्चा माल मागवतो आणि हिशेबवाले ११,००० वर बजेट बांधून मोकळे. एक कंपनी, चार आकडे! मग महिनाअखेरीला धावाधाव होणार नाही तर काय?

कंपनी या विद्येत किती पुढे गेली आहे हे मोजायच्या पट्ट्याही निघाल्या आहेत. एमआयटीच्या लॅरी लॅपिड यांनी २००५ साली चार पायऱ्या मांडल्या. पहिलीवर बैठका कधीमधी होतात आणि प्रत्येक खात्याची योजना वेगळी. दुसरीवर बैठक ठरलेली असते, पण सगळे येत नाहीत. तिसरीवर सगळे येतात, मागणी आणि पुरवठा खरोखर जुळवतात. चौथी आदर्श. तिथे तारखेची वाट न बघता, काही घडलं की लगेच बसायचं, आणि पुरवठादार-ग्राहकांनाही सामील करून घ्यायचं. २०२० साली सरकारनं सार्वजनिक गणेशमूर्ती ४ फूट आणि घरगुती २ फूट अशी मर्यादा घातली, ते आठवा. पेणचे कारागीर वर्षभर आधीपासून कामाला लागलेले असतात. अशा वेळी पुढच्या महिन्याच्या बैठकीची वाट बघून कसं चालेल?

पट्टी चांगलीच आहे. माझा आक्षेप मोजण्याच्या रीतीवर आहे. एका विद्यार्थ्यानं अभिमानानं सांगितलं, “बाई, आमची कंपनी तिसऱ्या पायरीवर!” मी विचारलं, गुण दिले कुणी? तर प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं स्वतःच फॉर्म भरला होता. अहो, मुलांच्या हाती उत्तरपत्रिका देऊन ‘आपापले गुण मांडा’ म्हटलं, तर शाळेत नापास कोण होईल?

म्हणून माझं म्हणणं असं, की मोठ्या कंपनीचा पेपर वालीवच्या गाळ्यात तपासावा. तीन-चार प्रश्न पुरेत. महिन्याचा किती माल शेवटच्या आठवड्यात उचलला? सांगितलेली ऑर्डर पुढच्या पंधरा दिवसांत किती वेळा बदलली? ठेकेदाराच्या माणसाला पुढच्या आठवड्याची पाळी आज ठाऊक आहे का? आणि अंदाज चुकतो तो कधी वर, कधी खाली, की दरवेळी एकाच बाजूला? दरवेळी एकाच बाजूला चुकणारा अंदाज हा अंदाजच नव्हे, ती सवय असते.

सुधारणाही याच वाटेनं व्हावी. पहिल्याच पायरीवर महागडं सॉफ्टवेअर घेऊ नये. चार चुकीचे आकडे त्यात घातले तर तेच चार आकडे रंगीत होऊन बाहेर येतात. आधी एक आकडा ठरवा आणि तो का धरला ते शेजारी लिहा. पुढच्या बैठकीत सर्वांत आधी मागची तफावत बघा, पण कुणावर न ओरडता. ओरडलात तर पुढच्या वेळी माणूस खरं सांगत नाही, हे वर्गात चाळीस मुलं सांभाळलेल्या कुणालाही माहीत आहे. विक्रीवाल्याचं बक्षीस महिन्याच्या शेवटच्या तारखेला टांगू नका. निदान पंधरा दिवसांची ऑर्डर तरी पक्की ठेवा.

बाजार आपल्या हातात नाही, ग्राहकच शब्द फिरवतो, असं कंपनीवाले म्हणतील. खोटं नाही ते. पण बाजाराचा धक्का कुणीतरी सोसायचाच आहे, तर तो ज्याच्या गोडाऊनात आणि तिजोरीत जागा आहे त्यानं आधी सोसावा. आज तो सोसतो रोजंदारीवरचा माणूस. पंधरा दिवस कोरडे गेले तर नालासोपाऱ्यातल्या त्याच्या खोलीचं भाडं काही थांबत नाही.

असो. तुमच्या घरातलं कुणी अशा बैठकांना जात असेल, तर विचारून बघा त्यांच्या कंपनीचा पेपर कोण तपासतं ते. आणि मलाही कळवा.