उलाढाल मोठी, गल्ला रिकामा

चार व्यापारी एकत्र बसले की पहिला सवाल ठरलेला असतो, "यंदा टर्नओव्हर किती?" आकडा मोठा असला की माणूसही मोठा. वसुली किती झाली, हातात काय उरले, हे कोणी विचारीत नाही. आकड्याचा हा शौक आपला धंदा आतून पोखरतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जरा हिशेब मांडून पाहा. समजा, एका कापड व्यापाऱ्याची वर्षाची विक्री ५० लाख. खर्च वजा जाता नफा शेकडा ८, उधारी एक महिन्याची. म्हणजे नफा ४ लाख आणि बाजारात अडकलेली रक्कम सुमारे ४ लाख. त्याने ठरविले, पुढच्या वर्षी १ कोटी करायचेच! त्यासाठी भाव पाडला, नफा शेकडा ४ वर आला. उधारी चार महिन्यांची दिली. विक्री दुप्पट झाली, नफा मात्र तोच ४ लाख. आणि बाजारात अडकले ३३ लाख! त्यातली एखादी पार्टी ४ लाखांना बुडाली की सारी मेहनत पाण्यात. शिवाय जीएसटी लागतो तो बिलावर, वसुलीवर नाही. पैसे बुडाले म्हणून भरलेला कर परत मिळत नाही.

मागावरही तोच प्रकार. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे सूत देऊन कापड विणून घेणारा व्यापारी नुसते मीटर मोजू लागला, तर त्याच्या हाती मीटरच येतात, कापड येत नाही. ५२ पीक ठरलेल्या मालात ४८ पीक टाकले की तेवढ्याच वेळात १०० ऐवजी १०८ मीटर उतरते. आकडा वाढतो, पण कापड विरळ होते, आडवा धागा सरकतो आणि ताके परत येतात. दोष मागवाल्याचा आहेच, पण फक्त मीटरवर दाम देणाऱ्याचाही आहे.

ही खोड छोट्यांचीच आहे असे समजू नका. अमेरिकेच्या वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला आठ योजना विकण्याचे लक्ष्य ठेवले होते. शाखांवर रोजचा दबाव. नोकरी वाचविण्यासाठी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये हे उघडकीस आले तेव्हा १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी आधीच घरी गेले होते आणि पुढच्याच महिन्यात बँकेच्या प्रमुखांनाही जावे लागले. संशयित खाती ३५ लाखांपर्यंत असावीत, असे २०१७ मध्ये बँकेनेच सांगितले. २०२० मध्ये आणखी ३०० कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवावे लागले. कागदावर खाती वाढली, पण ग्राहकाचा विश्वास गेला.

कोणी म्हणेल, बँक कर्ज देताना उलाढालच पाहते, मग आम्ही काय करावे? बरोबर आहे. छोट्या उद्योगांची कर्जमर्यादा अंदाजी उलाढालीच्या २० टक्के धरण्याची पद्धत आहे. पण फुगविलेल्या उलाढालीवर घेतलेल्या कर्जाचे व्याज खऱ्या नफ्यातूनच द्यावे लागते, हे विसरू नये.

आकडे ठेवूच नका, असे माझे म्हणणे नाही. आकड्यांशिवाय धंदा म्हणजे अंधारात चालणे. पण महिन्याच्या शेवटी तीन आकडे अगोदर पाहा: वसुली किती आली, ६० दिवसांवरची उधारी किती, आणि किती माल परत आला. विक्रीचा आकडा त्यानंतर. सेल्समनला कमिशन बिलावर नको, वसुलीवर द्या. मागवाल्याला मजुरी देताना मीटरबरोबर पीक आणि वजनही तपासा, आणि ज्याचा माल चोख त्याला दोन पैसे जास्त द्या.

बांधवांनो, कामगाराची मजुरी, सूतवाल्याचे देणे, मुलांची फी, हे सारे गल्ल्यातून जाते. टर्नओव्हरमधून कोणाचीही चूल पेटत नाही.