किल्लारीच्या जमिनीतील गहाळ पाने

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा अधिकृत नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या भूकंपक्षेत्रात होता. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्याने सुमारे १० हजार बळी घेतले. पुढे २००२ मध्ये पहिले क्षेत्रच नकाशावरून काढून टाकण्यात आले आणि किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेले. २००२ च्या त्या नकाशात गोवाही याच तिसऱ्या क्षेत्रात मोडत होता.

नकाशा चुकला हे खरे; पण तो ज्या नोंदींवर बेतला होता त्याच तोकड्या होत्या. हिमालयात भूकवच वर्षाला सुमारे २० मिलिमीटर आकुंचन पावते. दख्खनच्या अंतर्भागात ही हालचाल वर्षाला एक मिलिमीटरही भरत नाही. येथील भ्रंशावर मोठ्या भूकंपाइतका ताण साठण्यास हजारो वर्षे लागू शकतात; आपल्या बखरी आणि शिलालेख तेथवर पोहोचत नाहीत. म्हणून पुराभूकंपशास्त्रज्ञ भ्रंशावर आडवा चर खणतात. तुटलेला थर आणि त्यावर अखंड पसरलेला थर यांची वये काढली, की भूकंप त्या दोहोंच्या दरम्यान केव्हातरी झाला एवढे कळते.

दख्खनमध्ये ही रीतही अडखळते. किल्लारीत जमिनीवर उमटलेला उंचवटा तुटक, सुमारे किलोमीटरभर लांबीचा आणि मीटरभरही उंच नसलेला होता. असली खूण पुसायला नांगर आणि काही पावसाळे पुरे होतात. त्यात काळी माती! ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि तिचे थर एकमेकांवर घासून आतले पृष्ठभाग चकचकीत होतात. चरात दिसलेला असा पृष्ठभाग भूकंपाचा पुरावा की मातीचा नेहमीचा धर्म, हे ठरविणे अवघड असते. भेगांतून वरची माती खाली उतरते, तीत कोळशाचा तुकडा असला तर कालगणनाही फसते. शिवाय खालचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, वरची माती त्यामानाने कालची. मधली पानेच गहाळ आहेत.

तरीही धागे सापडतात. तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील उत्खनित थरांतील विकृतीवरून सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा भूकंप सुचविला. मात्र एका घटनेवरून आवर्तन काढता येत नाही, आणि दोन घटना मिळाल्या तरी अंतर एकच मिळते. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथे २२ जानेवारी १९८८ रोजी बारा तासांत तीन मोठे भूकंप झाले. नंतर खणलेल्या चरांत त्याआधीच्या हजारो वर्षांत तसा भूकंप झाल्याची खूण मिळाली नाही. मंद भ्रंश वेळापत्रक पाळत नाहीत. ‘येथे कधी झाला नाही’ हे वाक्य म्हणूनच अभयपत्र ठरत नाही. किल्लारीत १९९२ पासून लहान धक्के बसत होते, तरी दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद तसेच राहिले.

महामार्ग, कालवे आणि धरणांसाठी आज ठिकठिकाणी खोल खोदकाम होत आहे. संशोधकांना परवडणार नाहीत असे हे चर आयतेच उघडे पडतात आणि काही आठवड्यांत काँक्रीटखाली जातात. कंत्राटातच भूवैज्ञानिक पाहणीची अट घातली, तर खर्च नगण्य वाढेल.