दुःख कुठल्या पार्टीचं?

न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन. ‘थँक्सगिव्हिंगला सासरी गाझाचं नाव काढायचं नाही, असा वटहुकूम निघालाय गं!’ सासरे पक्के रिपब्लिकन, नणंद २०२४ मध्ये कॉलेजात तंबू ठोकून बसलेली.

एकेकाळी इस्राएल दोन्ही पक्षांचा लाडका होता. २०१५ मध्ये ओबामांना डावलून नेतान्याहू अमेरिकन काँग्रेससमोर बोलले, तेव्हा पन्नासहून जास्त डेमोक्रॅट फिरकलेच नाहीत. २०२३ च्या गॅलप पाहणीत ४९ टक्के डेमोक्रॅट्सची सहानुभूती पॅलेस्टिनींना, ३८ टक्क्यांची इस्राएलींना. रिपब्लिकन? ७८ टक्के इस्राएलींच्या बाजूने. आणि ही पाहणी ७ ऑक्टोबरच्या आधीची, बरं का!

म्हणजे रडायचं कुणासाठी, तेही पार्टी ठरवणार?

‘मला ओलिसांसाठीही रडू येतं, ढिगाऱ्याखालच्या पोरांसाठीही,’ ती म्हणाली. ‘पण त्या टेबलावर बोलू कुणाशी?’

मी नुसतं ‘हं’ म्हटलं.