तोंडातली प्रत्येक गाठ खर्ऱ्याची नसते

भंडारा जिल्ह्यात तोंडाच्या कर्करोगाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : खर्रा खातो का? प्रश्न चुकीचा नाही. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे आणि त्यामागचे मोठे कारण तंबाखू व सुपारी हेच आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, तरी खर्रा पानठेल्यावर घोटून मिळतोच. मात्र उत्तर ‘नाही’ आले की रुग्ण आणि नातेवाईक निर्धास्त होतात. धोका तिथे असतो.

तोंडाचा नेहमीचा कर्करोग आतल्या अस्तरातून सुरू होतो. स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा मऊ ऊतींतून होणाऱ्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा सुमारे १ टक्का. तोंडात तर तो फारच विरळ. रॅब्डोमायोसार्कोमा हा त्यातला आक्रमक प्रकार प्रामुख्याने लहान मुलांत व किशोरांत आढळतो. ज्यांनी कधी तंबाखूला हात लावला नाही, त्यांनाही तो होऊ शकतो.

सुरुवातीला ही गाठ अनेकदा दुखत नाही, तिच्यावरचे अस्तरही शाबूत असते. त्यामुळे दाढेची सूज समजून प्रतिजैविकांचे कोर्स होतात, दात काढला जातो, ‘रोवणी आटोपली की दाखवू’ असे ठरते. मानेत गाठ नाही, हा दिलासाही फसवा असतो. सार्कोमाचे अनेक प्रकार रक्तावाटे थेट फुप्फुसात पोहोचतात. म्हणूनच निदानानंतर छातीचा सीटी स्कॅन करावा लागतो.

निदानाचा खात्रीचा मार्ग बायोप्सी. ‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ या समजुतीने ती लांबवणे महागात पडते. तुकडा लगेच फॉर्मेलिनमध्ये ठेवला नाही, तर तो खराब होतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या रोगांच्या पेशी सारख्याच दिसू शकतात. अशा वेळी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून ओळखण्याची तपासणी, निर्णायक ठरते. डेस्मिन व मायोजेनिन सापडले, तर रोख रॅब्डोमायोसार्कोमाकडे जातो. हा भेद केवळ नावाचा नाही. रॅब्डोमायोसार्कोमात केमोथेरपी हा उपचाराचा कणा असतो. प्रौढांच्या इतर बहुतेक सार्कोमांत मोठ्या शस्त्रक्रियेला पहिले स्थान. निदान चुकले की उपचारही चुकतात.

ही तपासणी प्रत्येक तालुक्यात व्हावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. पण दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी किंवा झपाट्याने वाढणारी गाठ पुढे पाठवणे तुमसरलाही शक्य आहे आणि लाखांदूरलाही. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. पाठवताना अहवालासोबत स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही रुग्णाच्या हाती द्यायला हवा. त्यातून पुढच्या तपासण्या होतात आणि अनेकदा दुसरी बायोप्सी टळते. आरोग्य यंत्रणेने हा साधा नियम करावा. रुग्णानेही तो ब्लॉक हक्काने मागावा.

खर्रा सोडायलाच हवा, यात शंका नाही. पण न खाणाऱ्याच्या तोंडातली गाठही तितक्याच तातडीने तपासली गेली पाहिजे.