यंत्रमागांच्या गावात विवर्धकाचे शिक्षण

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट आहे आणि गावाबाहेर, मुंबई-नाशिक महामार्गालगत, गोदामांची रांग आहे. त्या गोदामांत मोबाईल आणि दूरचित्रवाणी संचांची खोकी उतरतात व पुढे रवाना होतात. या खोक्यांची ने-आण करणारा तरुण येथे सहज मिळतो. त्यांच्या आत बसणाऱ्या सर्किटचा आराखडा करणारा तरुण येथे घडतो काय, हा खरा प्रश्न आहे.

पदवीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये अॅम्प्लिफायर, म्हणजेच विवर्धक, हा कसोटीचा विषय असतो. बहुधा आकृती पाठ होते, सूत्रात आकडे भरले जातात, जर्नलवर सही होते आणि विषय संपतो. आराखडा करायला बसले की मात्र अडचण उभी राहते. ‘बीसी ५४७’ हा ट्रान्झिस्टर दोन-चार रुपयांत मिळतो. पण त्याची प्रवाह वाढवण्याची क्षमता एका नगात ११०, तर दुसऱ्यात ८०० पर्यंत असू शकते. एकाच नगाच्या भरवशावर रचलेले सर्किट दुसरा नग बसवताच कोलमडते. म्हणून एमिटरला रोध जोडतात. प्रवाह वाढू लागला की रोधावरील व्होल्टेज वाढतो आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. थोडे वर्धन सोडून स्थैर्य मिळवण्याचे हे तत्त्व, निगेटिव्ह फीडबॅक, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली बोटीतून कामावर जाताना सुचले. त्याचे पेटंट हाती यायला १९३७ उजाडले.

भिवंडीला याचे काय, असे कोणी विचारील. साध्या मागावर बाणा तुटला की लोखंडी काटा माग थांबवतो. धोटा नसलेल्या आधुनिक रेपियर मागावर हेच काम पीझो-स्फटिक करतो. धावत्या धाग्याच्या घर्षणातून उमटणारा क्षीण संकेत मागाच्या हादऱ्यांतून निवडून वाढवावा लागतो. हे विवर्धकाचेच काम. असा माग बंद पडला आणि त्याचे कार्ड समजणारा माणूस गावात नसेल, तर लाखोंचे यंत्र ठप्प होते व कामगाराची मजुरी बुडते.

आता सर्व काही तयार चिपमध्ये मिळते, मग हा खटाटोप कशाला, हा आक्षेप वरवर पटणारा आहे. पण ती चिपही कोणीतरी रचावी लागते. नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण भारतीय अभियंत्यांनी उभारली. आकाशातील अतिक्षीण संकेत वाढवण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली, म्हणूनच ते शक्य झाले. २०२१ साली केंद्राने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. कारखाने पैशाने उभे राहतील. आराखडे करणारी माणसे मात्र वर्गांतूनच यावी लागतील.

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. कारखानदारांनी एखादा माग महाविद्यालयाला अभ्यासासाठी खुला करावा. प्राध्यापकांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात बाणा तुटल्याचे टिपणारे सर्किट विद्यार्थ्यांकडून बनवून घ्यावे आणि ते चालत्या मागावर तपासावे. पालकांनीही गुणांबरोबर मुलाने काय बनवले, हे विचारावे. स्वदेशीची खरी परीक्षा खोक्यावरील शिक्क्यात नसून आतले सर्किट कोणी रचले यात आहे. त्या परीक्षेची तयारी भिवंडीसारख्या गावांनीच करावयाची आहे.